लाल दोऱ्याचा पेन ड्राइव्ह

माझ्या वहिनीला कात्री हातात घेतली की मोठ्यानं बोलायची सवय आहे. कापड टेबलावर पसरायचं, त्यावर डावा तळहात ठेवायचा आणि खोलीत कुणी असो वा नसो, विचारायचं, "हे कुणाचं?" मग उत्तरही स्वतःच द्यायचं, "पोस्टमनचं. काय करायचंय? पँट. उजवा पाय दोन बोटं आखूड." एवढं झालं की मगच कात्री चालते. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी तिनं एकाच्या कोटाचं कापड दुसऱ्याच्या मापानं कापलं होतं. त्याला आता एकतीस वर्षं झाली, पण सवय काही सुटली नाही.

मी या सवयीची मनसोक्त टिंगल केलेली आहे. "कापड उत्तर देतं का हो, वहिनी?" हा माझा ठरलेला विनोद. ती ठरलेलं हसायची आणि कापायला लागायची. मी एका कंपनीत सर्व्हर सांभाळतो. माझ्या एका ओळीच्या हुकमावर शंभर मशिनं उठतात-बसतात, त्यामुळे मला स्वतःच्या डोक्याबद्दल जरा जास्तच आदर आहे, आणि चिडायला मला कारण लागत नाही. हे दोन्ही शोध माझ्या बायकोचे, माझे नव्हेत.

तर गोष्ट वहिनीच्या लॅपटॉपची. खरं तर दादाच्या. वहिनी त्याला कायम "ह्यांचा लॅपटॉप" म्हणायची, दादा जाऊन दोन वर्षं झाली तरी. दादा एका कारखान्यात यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग करायचा. एके दिवशी सकाळी दाढी करताना त्याची उजवी बाजू गेली ती गेलीच. त्याला सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल, तर बायकोनं शर्ट घालून द्यावा लागतो याचा. वहिनीनं आठवडाभर त्याचं शर्टाशी चाललेलं भांडण बघितलं आणि एक शर्ट शिवला. उजव्या खांद्यापासून बाहीच्या टोकापर्यंत उघडणारा, पुढची बटणं नुसती दिसायला, खाली चिकटपट्टी. दादानं तो एका हातानं, एकट्यानं, चार मिनिटांत घातला आणि आरशासमोर उभा राहून रडला. मी तिथे होतो, म्हणून सांगतो.

त्या शर्टाची बातमी फिरली. चाकाच्या खुर्चीतली माणसं, हात प्लास्टरमध्ये असलेली माणसं, पाठीला बाक असलेली माणसं वहिनीकडे यायला लागली. खुर्चीत बसणाऱ्याच्या पँटला मागून उंची जास्त लागते आणि मागचे खिसे टोचतात, हे मला पन्नाशीला आल्यावर तिच्याकडून कळलं. दादानं मग काय करावं? कपड्याचं कटिंग कॉम्प्युटरवर काढायचा एक मोफत प्रोग्रॅम शोधला आणि डाव्या हातानं, एका बोटानं, वहिनीचे पॅटर्न त्यात उतरवायला सुरुवात केली. माप बदललं की अख्खा पॅटर्न आपोआप बदलतो, अशी त्यातली गंमत. दोन वर्षांत त्यानं एक्केचाळीस पॅटर्न काढले. वहिनी ते उघडायची, छापायची, कागद चिकटवून कापायची. काढणं हे दादाचं काम होतं. तो गेला आणि एक्केचाळिसावर आकडा थांबला.

लॅपटॉप बारा वर्षांचा. सुरू व्हायला अकरा मिनिटं लागायची. वहिनी बटण दाबून बॉबिन भरायला बसायची, दोन भरून झाल्या की पडदा उजळायचा. मशीन चालवणाऱ्या त्याच्या जुन्या सिस्टिमला कंपनीनं सुधारणा पाठवणं कधीच बंद केलं होतं, आणि पॅटर्नचा प्रोग्रॅम मधूनच हात वर करायचा. तरी तिचं चाललं होतं.

मग रुग्णालयातून बोलावणं आलं. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात, आजारातून उठलेल्यांना पुन्हा चालायला-बोलायला शिकवतात त्या विभागात, एक शिवणखोली सुरू होणार होती. पेशंटला त्याच्या अंगाला जमेल असा कपडा तिथल्या तिथे शिवून द्यायचा. ती खोली चालवायला त्यांना माणूस हवं होतं. शुक्रवारी सकाळी दहाला या, पॅटर्न कॉम्प्युटरवर दाखवा, एका पेशंटचं माप घेऊन आमच्यासमोर बदलून दाखवा, असं तिथल्या मुख्य थेरपिस्ट बाईंनी सांगितलं होतं. वहिनी ती खोली बघून आली होती. तीन मशिनं, उभं राहून कापता येईल असं उंच टेबल, पूर्वेला खिडकी. "भावजी, खिडकी अशी आहे, की दुपारपर्यंत दिवा लावायला नको," एवढंच ती म्हणाली, पण तीनदा म्हणाली. दादा गेल्यापासून तिनं कुठल्या गोष्टीबद्दल तीनदा बोललेलं मी ऐकलं नव्हतं. ती खोली तिला मिळायलाच हवी होती.

"तिथे मी अकरा मिनिटं काय करू? त्यांच्या बॉबिन भरू?" तिनं फोनवर विचारलं. मी म्हटलं, रविवारी येतो.

रविवारी सकाळी मी माझा लॅपटॉप आणि तीन पेन ड्राइव्ह घेऊन तिच्या कटिंगच्या टेबलापाशी बसलो आणि शहाणपणा पाजळायला सुरुवात केली. जुनं मशीन वाईट नसतं, त्याच्यावर लादलेलं ओझं वाईट असतं. हलकी सिस्टिम टाकली की म्हातारा पुन्हा चालायला लागतो. लिनक्स घराण्यातल्या अशा कितीतरी सिस्टिम आहेत आणि सगळ्या फुकट.

"फुकट का?" वहिनीचा पहिला प्रश्न. गिऱ्हाइकी डोकं आहे.

"जगभरचे लोक मिळून बनवतात. आणि नुसती वापरायला देत नाहीत, ती कशी बनवली तेही उघडं ठेवतात. तुम्ही बघा, बदला, दुसऱ्याला द्या."

"म्हणजे कपड्याबरोबर कटिंगचा कागदही देतात." ती म्हणाली. "चांगली माणसं आहेत हो."

वीस वर्षं मी नवख्यांना मुक्त सॉफ्टवेअर समजावून सांगतोय. माझं भाषण पाऊण तासाचं आहे. तिनं ते एका वाक्यात संपवलं, तेव्हा मला जरा तोंडात मारल्यासारखं झालं.

मग मी माझ्या लाडक्या सिस्टिमचं कौतुक सुरू केलं. आर्च. तिच्यात जवळपास सगळं आपलं आपण बसवायचं, नको ते एकही नाही. "हिच्यात प्रिंट कशी काढायची?" वहिनीनं विचारलं. "ते आपण बसवू," मी म्हटलं. "आपण म्हणजे कोण?" मी पुढच्या सिस्टिमकडे वळलो.

इतर दोन मी आधीच पेन ड्राइव्हवर घालून आणल्या होत्या, एक लुबुंटू आणि एक मिंटची हलकी आवृत्ती. तिसरा कोरा होता, लागला तर असावा म्हणून. लॅपटॉपमध्ये काहीही न बदलता सिस्टिम पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघता येते, हे सांगितल्यावर वहिनीचा चेहरा खुलला. "कच्चा टाका! असं सांगा ना मघापासून. घालून बघायचं, नाही बसलं तर ओढून काढायचं." आणि मग तिनं मला घराबाहेर काढलं.

खरंच काढलं. चहाचा कप हातात दिला आणि जिन्यात बसवलं. "तुम्ही शेजारी असलात की मी तुमच्या चेहऱ्याकडे बघते. मी चुकीकडे निघाले की तुमच्या भुवया वर जातात, की मला कळतं कुठे दाबायचं नाही. मग माझी परीक्षा कसली? ती सिस्टिम मी नाही, तुमच्या भुवया चालवतील." मला एवढंच बघायचंय, ती म्हणाली, की भावजी घरी गेल्यावर कुठली चालते.

नवख्यासाठी सिस्टिम कशी निवडावी यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिलीत. मीही लिहिलीत. जिन्यात बसून गार चहा पिताना मला कळलं, की यापलीकडे लिहिण्यासारखं काही नव्हतं.

अर्ध्या तासानं तिनं हाक मारली. लुबुंटूबद्दल म्हणाली, "फार चपळ. पण मी मेनूत दोनदा हरवले. तिचा दोष नाही, माझ्या डोळ्यांचा आहे." दुसऱ्यांदा मला आत घेतलं तेव्हा प्रिंटरमधून कागद बाहेर येत होता. दादाचा तो खडखड्या प्रिंटर मिंटनं आपणहून ओळखला होता. वहिनीनं अक्षरं मोठी केली होती, पॅटर्नचा प्रोग्रॅम यादीतून शोधून घेतला होता, आणि एक फाइल मुद्दाम पुसून ती कचऱ्यातून परत आणून बघितली होती. "मी पुसलं तर ती लगेच जाळून टाकत नाही, बाजूला ठेवते. शिवणारीला चिंध्या टाकायची घाई नको, तशी." ती त्या सिस्टिमला पुदिनावाली म्हणायला लागली होती. नावावरून आणि हिरव्या रंगावरून.

आता इथे माझा गाढवपणा येतो.

वहिनीच्या घरात प्रत्येक वस्तूला दोरा बांधलेला असतो. किल्ल्यांना निळा, वीजबिलाच्या फायलीला पिवळा, आणि दादाच्या पेन ड्राइव्हला लाल. एक्केचाळीसही पॅटर्न त्या लाल दोऱ्याच्या पेन ड्राइव्हवर होते, कारण लॅपटॉपची डिस्क गच्च भरलेली होती. सकाळी पॅटर्न उघडून दाखवायला मी तो माझ्या लॅपटॉपला लावत होतो, तर दोऱ्याची गाठ सॉकेटमध्ये अडकायला लागली. दोनदा अडकली. मी वैतागलो, तिची छोटी कात्री घेतली आणि दोरा कापून टाकला. आणि तो पेन ड्राइव्ह काळा होता, सोळा जीबीचा, अगदी माझ्या कोऱ्या पेन ड्राइव्हसारखा.

"तुमची लाडकी पण बघू की. तुमचं मन राहील," वहिनी म्हणाली. मी खुश. आर्च पेन ड्राइव्हवर घालायला माउसनं चालणारे साधे प्रोग्रॅम आहेत, ते दोनदा विचारतात, खात्री आहे ना म्हणून. ते मला बालवाडीतले वाटतात. मी काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करणारा माणूस. टेबलावरचा एक पेन ड्राइव्ह उचलला, लावला, एक ओळ लिहिली, एंटर. त्या हुकमाला प्रश्न विचारायची सवय नाही. म्हणून तर मला तो आवडतो.

तीन-चार मिनिटांत झालं. मी तो तिच्या लॅपटॉपला लावला, काळ्यावर पांढरी अक्षरं झरझर आली, मी म्हटलं, "बघा!" वहिनीनं चष्मा सारखा केला. "ह्यात पॅटर्न उघडून दाखवा." मी टेबलावरचा दुसरा पेन ड्राइव्ह घेतला आणि माझ्या लॅपटॉपला लावून बघितला. रिकामा. पुन्हा काढून लावला. रिकामा.

म्हणजे कोरा हा होता, आणि आर्च मी दादाच्या पेन ड्राइव्हवर घातली होती. ऑफिसात मी प्रत्येक फायलीच्या तीन प्रती ठेवतो, दुसऱ्यांनी नाही ठेवल्या तर त्यांना फाडून खातो. दादाच्या फायलींची दुसरी प्रत घ्यायला मी दोन वर्षं "पुढच्या रविवारी" म्हणत आलो होतो.

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. वहिनी खाली वाकली, माझ्या खुर्चीच्या पायाशी पडलेला लाल दोरा उचलला आणि बोटाला गुंडाळत उभी राहिली. मग स्वयंपाकघरात गेली. नळ बराच वेळ वाहत होता. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की हे कुणाचं, असं विचारायला मला किती वेळ लागला असता? दोन सेकंद?

ती बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि डोळे लाल होते. तिनं भिंतीकडे बघितलं. त्या भिंतीवर खिळ्यांच्या रांगेत तिची कागदी कटिंगं टांगलेली असतात, छापून, चिकटवून, कापून, भोक पाडून दोऱ्यात ओवलेली. एक्केचाळीस.

"कागद आहेत," ती म्हणाली. "शुक्रवारी कागद चालणार नाहीत, पण कागद आहेत." मग माझ्याकडे वळली. "भावजी, पुदिनावाली टाका ह्याच्यावर. आत्ता."

मी म्हटलं, आधी मला पुसलेलं परत मिळतंय का बघू दे. काहीतरी मिळेल. "तुम्ही ते तुमच्याकडे शोधा. मी इकडे माझं करते. पाच दिवस आहेत."

"पण पॅटर्न काढायचे दादा. तुम्ही कधी..."

"कधी नाही," ती म्हणाली. "आता काढीन."

डिस्कवरचं बाकीचं मी माझ्या लॅपटॉपवर उतरवून घेतलं. सिस्टिम कायमची बसवताना पडद्यावर प्रश्न आला, की या डिस्कवरचं सगळं पुसायचं का. मी माउसला हात लावेना. वहिनीनं मला बाजूला केलं, खुर्ची ओढली, आणि डावा तळहात लॅपटॉपवर ठेवला, कापडावर ठेवते तसाच.

"हे कुणाचं?" मोठ्यानं विचारलं. "ह्यांचं. काय करायचंय? शुक्रवारी न्यायचंय." आणि उजव्या हातानं बटण दाबलं.

मी टिंगल केली नाही.

सगळं बसून लॅपटॉप पुन्हा सुरू झाला तेव्हा तिनं सवयीनं बॉबिन मशीनवर चढवली होती. ती अर्धीही भरली नाही आणि पडदा उजळला. एरवी या क्षणी मी शेखी मिरवली असती. त्या दिवशी माझी शेखी जिन्यातच राहिली होती.

सोमवारी रजा टाकली. सकाळपासून तो पेन ड्राइव्ह खरवडत बसलो. पुसलेल्या डिस्कमधून फायली वेचून काढणारे प्रोग्रॅम असतात, तेही असेच कुणीतरी लिहून लोकांना देऊन टाकलेले. त्या अनोळखी लोकांचे मी त्या दिवशी मनातल्या मनात पाय धरले. संध्याकाळपर्यंत सात पॅटर्न निघाले, नावं गेलेले, नुसते आकडे. बाकीच्या चौतिसांवर माझी लाडकी सिस्टिम बसली होती. सात फायली वहिनीला पाठवल्या. तिनं एकेक उघडून फोनवरच ओळखली. "ही पोस्टमनची. हा ह्यांचा पहिला शर्ट." मग म्हणाली, "हा मिळाला, भावजी." मला चुकलो म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "प्रिंटर चालतोय ना?"

बुधवारी ऑफिसातून लवकर निघून तिच्याकडे गेलो. मदत करायची, असं ठरवून. दार उघडं होतं. वहिनी टेबलाशी बसली होती, गळ्यात टेप, कानावर खडू, एका बाजूला कागदी कटिंग पसरलेलं, दुसऱ्या बाजूला लॅपटॉप. कागदावर टेप लावायची, आकडा पुटपुटायची, बोटानं टाइप करायची, बाण ओढायची, चष्मा वर करून बघायची, चुकलं की पुन्हा. मुंढ्याची गोलाई तिला जमत नव्हती. बाही बसते ती गोलाई. "ह्यांची कशी फिरायची बघा ना सरळ," म्हणाली. मी पुढे झालो.

"बसा. चहा घ्या. हात लावू नका."

मी बसलो. मग तिनं सांगितलं, की मंगळवारी ती त्या प्रोग्रॅमच्या लोकांच्या चर्चेच्या पानावर गेली, मोडक्यातोडक्या शब्दांत विचारलं, खाली कागदाचा फोटो लावला. तीन तासांत कुणीतरी उत्तर दिलं होतं. कुठल्या देशातला कोण जाणे, होड्यांची शिडं शिवणारा माणूस. त्यानं गोलाईचा नकाशा काढून, बाण दाखवून पाठवला होता, आणि खाली लिहिलं होतं, की तुमचा उघडणारा खांदा मला माझ्या आईसाठी हवाय, घेऊ का? वहिनीनं लिहिलं होतं, घ्या, आणि तिचं माप नीट घ्या.

मी वीस वर्षं त्या जगात वावरतो. तिथे मी भांडलोय, शिकवलंय, लोकांना मूर्ख म्हटलंय. कुणाला आईसाठी शर्ट दिला नाही. ती त्या जगात येऊन चार दिवस झाले होते. मला तिच्याबद्दल जे वाटलं त्याला कौतुक हा शब्द पुरत नाही. मला तिचा अभिमान वाटला, आणि तो वाटायचा आपल्याला काय अधिकार, असंही वाटलं.

"वहिनी," मी म्हटलं, "चुकलो मी."

"माहीत आहे," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "मीही एकदा कोट कापला होता. बिस्किटं डब्यात आहेत."

गुरुवार संध्याकाळपर्यंत तिचे सहा झाले.

शुक्रवारी मी तिला रुग्णालयात घेऊन गेलो. म्हणजे गाडी मी चालवली, लॅपटॉप तिनं मांडीवर धरला. शिवणखोलीत पूर्वेच्या खिडकीतून खरंच भरपूर ऊन येत होतं. मुख्य थेरपिस्ट बाई उंच, गळ्यात स्टॉपवॉच, बोलणं मोजकं. एका बस ड्रायव्हरला त्यांनी बसवलं होतं, अपघातात त्याचा डावा खांदा गेला होता. वहिनीनं लॅपटॉप उंच टेबलावर ठेवला, बटण दाबलं आणि टेप काढला. ड्रायव्हरची छाती आणि एक बाही मापून होईपर्यंत लॅपटॉप तयार होऊन वाट बघत होता. मी कोपऱ्यात उभा होतो. माझ्या भुवया तिला दिसणार नाहीत अशा जागी.

ती एकदा अडखळली. कुठलीतरी खिडकी चुकून बंद झाली. माझ्या भुवया वर गेल्या. तिनं चष्मा सारखा केला, मेनू उघडला, फाइल परत आणली, कुणाला काही कळलंही नाही. ड्रायव्हरची मापं घातली आणि पडद्यावरचा शर्ट सगळ्यांसमोर हलला. डावा खांदा खाली आला, बाही रुंदावली, उघडायची रेघ मानेपासून मनगटापर्यंत सरकली. ड्रायव्हर मान पुढे काढून बघत राहिला. "हे माझं अंग आहे," तो म्हणाला.

थेरपिस्ट बाई वाकून मापांची नावं वाचत होत्या. दादाच्या पॅटर्नमध्ये मापांना आकडे असायचे. वहिनीनं तिच्या पॅटर्नमध्ये नावं घातली होती. डावा-उजवाही नव्हतं. दुखरा खांदा, चांगला खांदा. दुखरं कोपर. घाबरणारा गुडघा. "घाबरणारा गुडघा म्हणजे?" बाईंनी विचारलं. "पडलेल्या माणसाचा," वहिनी म्हणाली. "तो दुखत नाही, पण वाकताना घाबरतो. तिथे कापड थोडं जास्त ठेवावं लागतं." बाईंनी स्टॉपवॉच उगाचच हातात घेतलं आणि पुन्हा सोडलं.

मग त्या एकेक पॅटर्न उघडत गेल्या. सगळे तेरा. तेराही बघून झाल्यावर पुन्हा मागे गेल्या.

"ह्यात दोन हात दिसतात," त्या म्हणाल्या. "काही एकाचे, काही दुसऱ्याचे. हे कुणाचं काम?"

मी वहिनीकडे बघितलं. एकतीस वर्षं तिनं हा प्रश्न रोज विचारला होता, दुसऱ्या कुणी तिला विचारलेला मी पहिल्यांदा ऐकत होतो. ती आता "ह्यांचं" म्हणणार, मला खात्री होती. तिचा डावा तळहात लॅपटॉपच्या झाकणावर जाऊन बसला.

"सात ह्यांचे," ती म्हणाली. "सहा माझे. अठ्ठावीस राहिलेत, ते इथे बसून काढीन म्हणते. उजेड चांगला आहे."

थेरपिस्ट बाई हसल्या. "सोमवारी आठला या," त्या म्हणाल्या.

बाहेर आल्यावर वहिनी गाडीपाशी थांबली. मला वाटलं, रडेल. माझंच ठीक नव्हतं, मी किल्ली शोधायच्या निमित्तानं तोंड फिरवून उभा होतो. तिनं पर्स उघडली आणि एक पेन ड्राइव्ह माझ्या हातावर ठेवला. काळा, सोळा जीबीचा. त्याला लाल दोरा बांधलेला, जुनाच, मी कापलेला. दोन तुकडे गाठ मारून जोडले होते.

"तेराही आहेत ह्यात. दुसरी प्रत. तुमच्याकडे असू दे."

"माझ्याकडे?"

"मग कुणाकडे? सर्व्हर सांभाळता ना तुम्ही?" ती गाडीत बसली आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. "गाठ बारीक मारलीय. अडकली तर दोरा कापू नका, मला फोन करा."

मी तो शर्टाच्या खिशात ठेवला. पुढच्या चौकातल्या सिग्नलला थांबलो, तर खिशावर हात ठेवून मी मोठ्यानं काहीतरी विचारत होतो, आणि शेजारी बसलेली वहिनी खिडकीबाहेर बघत उत्तर देत होती.